चढणे १३८, पडणे १३७

यवतमाळात बारावीनंतर एक वर्ष थांबायचं असेल तर त्याला ड्रॉप घेणं म्हणतात, आणि ड्रॉप घेतला की क्लास लावावाच लागतो. मी ड्रॉप घेतला आणि क्लास लावला नाही, त्यामुळे जूनपासून आमच्या कॉलनीत माझ्याबद्दल काळजी पसरली होती. दूधवाल्यापासून गणपतीच्या वर्गणीवाल्यांपर्यंत सगळे विचारायचे, कोणत्या बॅचला आहेस? कोणत्याच नाही म्हटलं की ते माझ्याकडे बघायचं सोडून आईकडे बघायचे. माझी आई सुचित्रा विषय बदलण्यात हुशार आहे. ती त्यांना चहा विचारायची.

माझं नाव केतकी. डॉक्टर व्हायचं की नाही हे मला अजून ठरवायचं होतं, आणि दीडशे पोरांच्या हॉलमध्ये बसून ते ठरत नाही हे मला दोन वर्षांत पुरतं कळलं होतं. मला एक वर्ष हवं होतं, बस. बाबांनी ते दिलं, पण तुकड्यातुकड्यानं. आधी गणपतीपर्यंत, मग दिवाळीपर्यंत. दिवाळी झाल्यावर मात्र त्यांनी क्रॅश बॅचचा फॉर्म आणला, सोमवार, आठ डिसेंबरपासूनचा, त्यावर माझा फोटो स्टेपल केला आणि तो टीव्हीशेजारी ठेवला. मालिका बघताना मला माझाच फोटो दिसायचा.

बाबा, म्हणजे चारुदत्त, लेखापरीक्षणात आहेत. दुसऱ्यानं लिहिलेलं तपासायचं आणि समासात आक्षेप घ्यायचा हे काम ते अठ्ठावीस वर्षं करत आहेत, आणि ऑफिस सुटलं म्हणून ते सुटत नाही. घरच्या किराण्याच्या यादीवरसुद्धा त्यांच्या हातचा शेरा असतो. साबुदाणा दोनदा, कारण द्यावे.

फळीवर उभं राहून लाटांवरून घसरायचं हे खूळ सुरभीचं. सुरभी लोहारा गावची, माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते दुसऱ्याच्या डोक्यात गेल्याशिवाय तिला चैन पडत नाही. कोकणात आडबंदर नावाच्या गावी चार दिवसांत सर्फिंग शिकवतात असं तिनं कुठेतरी पाहिलं. तिसरा आयुष, बोरी अरबचा, आमच्याच वर्गातला. त्याची कृषी महाविद्यालयाची प्रवेशफेरी चुकली, कारण शेवटच्या तारखेला तो सोयाबीन काढत होता आणि फोन घरी चार्जिंगला होता. आम्ही तिघं एकाच वर्षी रिकामे. समुद्र आमच्यापैकी फक्त सुरभीनं पाहिला होता, दोन वर्षांची असताना. तिला तो आठवत नाही, पण फोटो आहे.

सराव आम्ही आयुषच्या शेततळ्यात केला. जमिनीत खणलेला मोठा खड्डा, आत प्लास्टिकचा कागद, आणि त्यात तुरीसाठी साठवलेलं पाणी. फळी म्हणून आयुषनं गोठ्याचं जुनं दार आणलं. ते बुडालं. मग प्लायवूड आणलं. ते तरंगलं, पण वर माणूस चढला की तेही दाराच्याच वाटेनं जायचं. लाट यावी म्हणून आयुष काठावरून उडी मारायचा. त्याचं वजन ऐंशी किलो, त्यामुळे लाट बरी यायची, पण एकच यायची, आणि नंतर त्याला त्या निसरड्या कागदावरून वर ओढण्यात पंधरा मिनिटं जायची.

ओढायचं काम त्याच्या आजोबांचं. पुंडलिकराव, वय एकाहत्तर. आम्ही सगळेच त्यांना आबाजी म्हणतो. घरची शेती सांभाळून तेहतीस वर्षं त्यांनी पाटबंधाऱ्याची नोकरी केली आणि कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झाले. कालव्याचं पाणी कोणाच्या शेताला किती वाजता सुटेल, किती तास चालेल, कधी बंद होईल, हे बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. एका उन्हाळ्यात त्यांच्या सख्ख्या साळ्यानं पाळी नसताना पाणी घेतलं, तर आबाजींनी त्याचंही नाव लिहिलं. त्यानंतर चार वर्षं त्यांच्या बायकोला, इंदूआजीला, माहेरी जाता आलं नाही. ही गोष्ट इंदूआजी अजून दर सणाला सांगते, आणि आबाजी दर सणाला मान खाली घालून जेवतात. कमरेला दोर बांधून दुसरं टोक कडुनिंबाला बांधल्याशिवाय त्यांनी आम्हाला शेततळ्यात उतरू दिलं नाही.

मोठं माणूस सोबत नसेल तर पोरींना पाठवणार नाही, असं दोन्ही घरांतून आलं. आबाजी म्हणाले, मी जातो, पाण्याचंच तर काम आहे. समुद्र त्यांनीही पाहिलेला नव्हता, पण हे त्यांनी आम्हाला घाट उतरेपर्यंत सांगितलं नाही.

आबाजींचं नाव ऐकून बाबा नरमले. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा तपासणीत त्यांनी आबाजींची रजिस्टरं पाहिली होती आणि घरी येऊन आईला सांगितलं होतं की अकरा वर्षांच्या नोंदीत एक खाडाखोड नाही. बाबांनी कोणाचं कौतुक केल्याचं आईला तेवढंच आठवतं.

मग बाबांनी कोरा कागद घेतला. समुद्राच्या लाटेवर मी एकदा जरी उभी राहिले, तर हे वर्ष संपेपर्यंत ते क्लासचं नाव काढणार नाहीत. नाही राहिले, तर आठ तारखेला सकाळी सहाला बॅच. उभं राहणं म्हणजे काय, हे त्यांनी खाली सविस्तर लिहिलं, कारण व्याख्या नसली की पुढे वाद होतात. दोन्ही पाय फळीवर. दोन्ही हात हवेत. गुडघा टेकलेला नसावा. कालावधी किमान तीन सेकंद. शेततळे ग्राह्य नाही. मोबाइलवरचा व्हिडिओही ग्राह्य नाही. गेल्याच महिन्यात यवतमाळच्या बसस्टँडवर वाघ बसल्याचा व्हिडिओ बाबांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता, तो कॉम्प्युटरवर बनवलेला निघाला, आणि तेव्हापासून घरात व्हिडिओ या विषयावर कोणी बोलत नाही. शिकवणाऱ्याची साक्ष ग्राह्य नाही, कारण तो आपलं काम चांगलंच झालं म्हणणार. साक्षीदार एकच, श्री. पुंडलिकराव. त्यांनी प्रत्यक्ष पाहावे आणि लेखी द्यावे.

मी हसत हसत सही केली. चार दिवसांतले तीन सेकंद, त्यात काय एवढं, असं मला वाटलं होतं.

यवतमाळहून कोल्हापूर ट्रॅव्हल्सनं आणि पुढे एसटीनं. आबाजींचं सामान आमच्या तिघांपेक्षा जास्त होतं. एक घडीची खुर्ची. लाल पाठीचं नवं कोरं रजिस्टर. पाण्याची पातळी मोजायला स्वतः रंगवलेली सहा फुटी बांबूची मोजपट्टी, जी एसटीच्या खिडकीतून अर्धी बाहेर होती आणि वळणावर झाडांना लागायची. आणि इंदूआजीनं दिलेला तेलाचा पंधरा किलोवाला डबा, धपाटे, शेव आणि जवसाच्या चटणीनं गच्च भरलेला. तिकडे लोक मासोळ्या खातात असं तिनं ऐकलं होतं, आणि आम्ही चार दिवसांत वाळून परत येऊ अशी तिला भीती होती.

आडबंदरला पोचलो तेव्हा समोर एकदम समुद्र होता. सुरभी किंचाळली, आयुष चप्पल हातात घेऊन पळाला. एवढं पाणी आणि ते कोणाच्याच कामासाठी थांबलेलं नाही, हे मला फार आवडलं. आबाजींनी मात्र उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, मग मला हळूच विचारलं, "याचा सांडवा कोठी हाय?"

सांडवा, म्हणजे धरणातलं जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट, इथे नाही म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले. सांडवा नसलेल्या पाण्याजवळ माणसानं मुक्काम करू नये असं त्यांचं मत होतं.

शिकवणारे कपिल सर. तिशीचे, उन्हानं करपलेले, शांत स्वभावाचे. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला वाळूवरच फळीवर पालथं झोपवलं. हात टेका, छाती उचला, एका झटक्यात दोन्ही पाय खाली घ्या, उठा. वाळूवर मला छान जमलं. फळी घोट्याला दोरीनं बांधलेली असते, हे पाहून आबाजींचा कपिल सरांबद्दलचा आदर वाढला. त्यांनी तिघांच्याही गाठी ओढून पाहिल्या, मग ओल्या वाळूत आपली मोजपट्टी रोवली, शेजारी खुर्ची मांडली, रजिस्टर उघडलं आणि माझ्या नावानं दोन रकाने आखले. एक चढणे, दुसरा पडणे. फळीवरून कसंही खाली आलं तरी ते पडणंच, मग हौसेनं उडी मारली असली तरी, हे त्यांनी आधीच जाहीर केलं.

नऊ वाजले आणि पाणी मागे सरायला लागलं. आबाजी खुर्चीतून उठले. पट्टीकडे गेले, वाकून पाहिलं, घड्याळ पाहिलं, आणि कपिल सरांना विचारलं की पाणी कोण सोडतंय. भरती आणि ओहोटी हे शब्द त्यांना माहीत होते, पण भरती पावसाळ्यात आणि ओहोटी उन्हाळ्यात असा त्यांचा इतक्या वर्षांचा समज होता, कारण धरणाचं तसंच असतं. दिवसातून दोनदा हा प्रकार होतो हे त्यांना पटेना. कपिल सरांनी चंद्राचं सांगितलं. आबाजींनी ऐकून घेतलं आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलं, पाणी बंद सकाळी ९.००.

दुसऱ्या दिवशी पाणी पावणेदहाला मागे हटायला लागलं. आबाजींनी लिहिलं, पंचेचाळीस मिनिटे उशीर. तिसऱ्या दिवशी साडेदहा वाजले. तेहतीस वर्षांत त्यांचं पाणी वेळेवर सुटलं होतं आणि वेळेवर बंद झालं होतं, मग पाऊस असो की लग्न, त्यामुळे हा गबाळेपणा त्यांना बघवेना. त्यांनी कपिल सरांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, वर कोणाला तरी कळवा, रोज पाऊण तास उशीर होतो म्हणजे काय. कपिल सरांचा दोन दिवस चंद्र समजावून झाला होता. ते थकून म्हणाले, बरं काका, कळवतो. आबाजींचं समाधान झालं.

इकडे माझं काही खरं नव्हतं. सुरभी पहिल्याच दिवशी उभी राहिली आणि वर हात हलवून दाखवला, तेव्हा मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. आयुष दुसऱ्या दिवशी एकदा उभा राहिला, आपल्याला जमतं हे कळल्यावर त्याचा त्यातला रस संपला आणि तो डब्याशेजारी बसून धपाटे खायला लागला. मी पुढे पडत होते, मागे पडत होते, उजवीकडे पडत होते. एकदा फळी वर आणि मी खाली अशी किनाऱ्याला लागले. कानात वाळू, नाकात मीठ, गुडघे सोललेले. दर वेळी वर आलं की किनाऱ्यावरून आबाजींचा आवाज यायचा, आकडा सांगणारा, कारण नोंद समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवायची त्यांची जुनी सवय होती. तिसऱ्या दिवशी मी एकशे नऊ होते.

त्या दुपारी मी वाळूत बसून रडले. सोमवार सकाळचे सहा मला समोर दिसत होते. त्या हॉलचे निळे पंखे, माझ्या पुढच्या बाकावरची तीच पोरगी, आणि परत एक वर्ष सगळ्यांना कोणत्या बॅचला ते सांगणं. माझ्या हातात स्वतःचं म्हणावं असं या वर्षात काहीच आलं नव्हतं, आणि जे हाती यायचं ते तीन सेकंदांचं होतं, तेही जमत नव्हतं. आबाजी खुर्ची घेऊन जवळ आले. समजूत घालायची त्यांना येत नाही. त्यांनी रजिस्टरचं मागचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. पाण्याच्या वेळांखाली त्यांनी तीन दिवस लाटा मोजल्या होत्या.

"लाटा झुंडीनं येते," ते म्हणाले. "तीन-चार मोठ्या, मंग सुस्ती. तू पहिलीवरच जीव काढून राह्यली. पहिल्या दोन जाऊ दे. तिसरी घे."

मी कपिल सरांना विचारलं. ते म्हणाले, बरोबर आहे, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, तुम्ही तेव्हा पाण्याखाली होतात.

चौथा दिवस दत्तजयंतीचा. दुपारी दोनची एसटी होती. सकाळी साडेनऊच्या सुमाराला आबाजी किनाऱ्यावर आले, घड्याळ पाहिलं आणि नेहमीपेक्षा बरंच खाली, पार पाण्याच्या कडेला जाऊन मोजपट्टी रोवली, खुर्ची मांडली आणि डबा ठेवला. आपली तक्रार वर गेलेली आहे, तेव्हा पाणी आज नऊलाच बंद झालं असणार आणि आता मागेच जाणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शिवाय तिथून मी जवळून दिसत होते. आज मला त्यांनी नीट बघायचंच असं ठरवलं होतं. पौर्णिमेला पाणी जास्त चढतं हे कपिल सर सांगणार होते, पण चंद्राचा विषय परत काढायची त्यांची हिंमत झाली नसावी.

साडेदहापर्यंत मी अठ्ठावीस वेळा पडले. एकूण एकशे सदतीस. मग सुस्ती आली. पाणी नुसतं वरखाली होत होतं. मी फळीवर पालथी पडून मागे बघत राहिले. पहिली मोठी आली, मी जाऊ दिली. दुसरी आली, तीही जाऊ दिली, आणि जाऊ देताना जीव तुटला. तिसरी आली तेव्हा कपिल सरांनी फळी ढकलली आणि ते लगेच मागे सुरभीकडे वळले. किनाऱ्यावरून आबाजींचा आवाज आला, "चढणे, एकशे अडतीस." मी हात टेकले, छाती उचलली, आणि पाय कुठे आले ते मला कळलं नाही, पण ते माझ्या खाली होते. मी उभी होते.

गुडघा टेकलेला नव्हता. दोन्ही हात हवेत होते. फळी पुढे जात होती आणि माझ्याशिवाय कोणी ती चालवत नव्हतं. मी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, एक, दोन, आणि समोर पाहिलं, तर किनाऱ्यावर कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं.

त्याच लाटेच्या आधीच्या दोन, ज्या मी आबाजींच्या सांगण्यावरून जाऊ दिल्या, त्या सरळ त्यांच्यापर्यंत गेल्या होत्या. पहिलीनं खुर्चीचे पाय भिजवले, दुसरीनं डबा उचलला. मोजपट्टी आडवी होऊन काठाकाठानं वाहत निघाली होती आणि आबाजी धोतर गुडघ्यापर्यंत धरून, रजिस्टर डोक्यावर घेऊन, तिच्यामागे धावत होते. आयुष डब्यामागे धावत होता. त्याचा फोन त्याच्या तोंडात होता. खुर्ची एकटीच तरंगत होती, अगदी आरामात.

तीन, मी म्हटलं. मग मी पडले.

वर येऊन, फळी काखेत मारून मी धावतच काठावर गेले. आबाजी कमरेपर्यंत भिजलेले, हातात मोजपट्टी, रजिस्टर कोरडं. मी विचारलं, पाहिलं ना. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काय झालं असावं ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं.

"नाई पाह्यलं, बाई," ते म्हणाले.

सुरभीनं हात जोडले. आयुषनं नातवाचा हक्क लावला. दोन शब्द लिहायचे आहेत, उभी राहिली, बस, आणि ती राहिलीच होती, खोटं थोडंच आहे. आबाजी ऐकत राहिले. मग ते म्हणाले, "म्या सख्ख्या साळ्याचं पाणी सोडलं नाई. तुयासाठी खोटं लेहलं तं इंदूले काय तोंड दाखवू?"

मी परत पाण्यात जायला निघाले, पण पाणी आता पार वाळूच्या चढापर्यंत आलं होतं, लाटा काठावरच आपटत होत्या, आणि कपिल सरांनी सगळ्यांना बाहेर काढलं. त्या दिवशी पाणी सव्वाअकराला परत फिरलं. आबाजींनी ती वेळ लिहिली, पण शेरा लिहिला नाही.

परतीच्या प्रवासात डबा उघडला. डब्यातली शेव खारट झाली होती. कोल्हापूरच्या स्टँडवर आबाजींनी मांडीवर रजिस्टर ठेवून सावकाश एक स्वच्छ प्रत काढली, खाली सही केली, लिफाफ्यात घातली, डिंकानं बंद केली आणि माझ्याकडे दिली. लिफाफ्यावर बाबांचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, वाहकाने फोडू नये. वाहक मी होते.

घरी पोचलो तो शनिवार. सकाळचा चहा झाला होता. बाबांनी चष्मा लावला, लिफाफा कात्रीनं कापला आणि दोन पानं वाचली. वाचताना ते पेन्सिल हातात ठेवतात. मी सोफ्याच्या कडेला बसले होते. टीव्हीशेजारचा माझा फोटो माझ्याकडे बघत होता. आई दारात पदराला हात पुसत उभी होती, हात कोरडे असून.

शेवटच्या ओळीवर बाबा थांबले. परत वर गेले, परत खाली आले. मग त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं. आबाजींचं ठसठशीत अक्षर. एकूण चढणे १३८. एकूण पडणे १३७. उभे राहणे, प्रत्यक्ष पाहिले नाही.

"एकाची तफावत आहे," बाबा म्हणाले.

मला आधी कळलं नाही. बाबांच्या मात्र अंगात आलं होतं. ते सरळ बसले आणि पेन्सिलीनं टेबलावर ठोकत बोलू लागले. या माणसाच्या बेरजा चुकत नाहीत. जो एकशे अडतीस वेळा चढला तो एकशे अडतीस वेळा पडायला हवा. एकदा पडला नाही म्हणजे एकदा तो वरच होता. पडला नाही, तर मग उभ्यानंच काठापर्यंत आला असणार, दुसरा मार्ग नाही. साक्षीदारानं पाहिलं नाही म्हणतो, ठीक आहे, पण नोंद सांगते की काहीतरी घडलं. नोंदीतून निघतं ते ग्राह्य धरावंच लागतं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी कोणत्याही परीक्षेत पास झाले तेव्हा तसा फुललेला मला आठवत नाही.

दारातून आईनं मला खूण केली, गप्प बस. गप्प बसायचंच होतं मला. सुटका समोर होती, तीही बाबांच्याच तोंडून, आणि त्यात माझं एक अक्षर खोटं नव्हतं. पण मला आबाजी दिसले, कमरेपर्यंत भिजलेले, साळ्याचं नाव घेणारे. त्यांनी न पाहिलेलं लिहिलं नाही, म्हणून ते पडणं राहून गेलं होतं. एवढंच झालं होतं. त्यांच्या अकरा वर्षांत खाडाखोड नसलेल्या हातून माझ्यामुळे पहिल्यांदा एक नोंद सुटली होती, आणि त्याचा फायदा मी उचलायचा, हे मला जमेना. मला चीड आली, स्वतःचीच.

"पडले होते मी, बाबा," मी म्हटलं. "आधी उभी राहिले, तीन मोजले, आणि मग पडले. आबाजी तेव्हा मोजपट्टीच्या मागे धावत होते. पडणे एकशे अडतीस आहे."

आईनं कपाळाला हात लावला आणि आत निघून गेली.

बाबांनी पान परत आपल्याकडे फिरवलं. मग त्यांनी १३७च्या शेजारी पेन्सिलीनं लहान अक्षरात १३८ लिहिलं, आणि त्यापुढे, मुलीच्या सांगण्यावरून. मेळ बसला. तफावत शून्य झाली आणि माझं सगळं संपलं. सोमवारी गजर किती वाजता लावायचा याचा विचार मी करायला लागले होते.

बाबांनी चष्मा काढला.

"अठ्ठावीस वर्षं मी लोकांची रजिस्टरं तपासतोय," ते म्हणाले. "स्वतःच्या विरुद्ध जाणारी चूक कोणी आपण होऊन दाखवली, तर त्याची बाकीची पानं मी उलटत नाही. अशी पाच-सहा माणसं भेटली असतील मला, सगळी मिळून."

ते उठले. टीव्हीशेजारचा फॉर्म घेतला, नखानं स्टेपलची पिन उचकटली, माझा फोटो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, ठेव, लागतो पुढे कुठेतरी. फॉर्म त्यांनी घडी घालून रद्दीत ठेवला. मी रडायला लागले तर त्यांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर दोनदा थापटलं, फाईल बंद करताना थापटतात तसं. आतून आईनं उगाचच एक भांडं आपटलं, म्हणजे ती ऐकत होती.

मग बाबांनी जरा वेळानं विचारलं की तीन सेकंद म्हणजे नक्की किती. त्यांनी ते कागदावर आपलं असंच लिहिलं होतं, काहीतरी आकडा हवा म्हणून. मी म्हटलं, उभे राहा, दाखवते. त्यांनी टीपॉय बाजूला सरकवला, सतरंजीवर अंग तिरकं करून उभे राहिले, मी सांगितलं तसे पाय फाकवले, गुडघे थोडे वाकवले, दोन्ही हात पसरले. लेंगा जरा वर आला होता. मी मोजलं, एक, दोन, तीन. तीन झाल्यावरही त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

"बराच वेळ आहे की," बाबा म्हणाले.